वन्समोअर आणि दुसरी तबकडी

मराठी माणसाने इंग्रजीतून जे शब्द उचलले त्यांत ‘वन्समोअर’ हा मला सर्वांत बोलका वाटतो. बालगंधर्वांच्या नाटकांत हा शब्द रात्रभर घुमत असे. पदामागून पद, प्रत्येक पदावर वन्समोअर, आणि नाटक सुटून मंडळी बाहेर पडत तेव्हा पूर्वेला फटफटलेले असे. वन्समोअर मागणाऱ्याचे प्रेम खरे असते, यात शंका नाही. पण त्या प्रेमात एक हुकूमही दडलेला असतो. ‘तू गातोस’ यापेक्षा ‘तू हेच गातोस’ हे त्याला अधिक प्रिय असते. गायकाने दुसरे काही काढले की तोच श्रोता पान जमवायला घेतो.

गेल्या दिवाळीत रिठदला आमच्या ओसरीवर इंग्लंडातल्या एका वाद्यपंचकाची दुसरी तबकडी आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकली. तिच्यावर जी मते पडली त्यांनी हा वन्समोअर पुन्हा माझ्या डोक्यात घातला. तबकडी हा शब्द मी जुन्या सवयीने वापरतो. प्रत्यक्षात पुतण्याच्या खिशातला मोबाइल आणि कोनाड्यात ठेवलेला भोपळ्याएवढा स्पीकर, एवढाच तो सरंजाम. सोयाबीन घरात आले होते, तूर शेतात उभी होती, आणि वहिनी सारण घेऊन करंज्यांना बसल्या होत्या. अशा वेळी रॉक संगीत ऐकावे असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. पण पुतण्या पुण्याहून वर्षातून दोनदा येतो, आणि त्याच्या मनातले काही ऐकायचे तर ते तेव्हाच ऐकावे लागते.

पंचकाचे नाव रेडिओहेड. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या एका शाळेत ही पाच मुले एकत्र आली. थॉम यॉर्क गाणारा, जॉनी आणि कॉलिन हे ग्रीनवुड बंधू, एड ओब्रायन, आणि ढोलताशांवर, म्हणजे ड्रमवर, फिलिप सेल्वे. यांच्या संगीताला ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात. बाजारात जे चालते त्याहून वेगळे, असा त्या नावाचा मूळ अर्थ. पुढे तेच बाजारात चालू लागले आणि नाव मात्र राहून गेले. आपल्याकडे नवकवितेचे नाही का असेच झाले!

त्यांची पहिली तबकडी ‘पाब्लो हनी’ 1993 साली आली. ती मी त्या संध्याकाळी आधी ऐकून घेतली आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तिच्यात फारसे काही नाही. सुमारे तीन आठवड्यांत उरकलेले ते काम आहे, आणि इतरांची ऐकलेली गाणी आपल्या गळ्यात बसवून पाहणाऱ्या पोरांचे आहे. पण तिच्यात ‘क्रीप’ नावाचे एक गाणे होते. सुंदर माणसांच्या घोळक्यात आपण किळसवाणे, नको असलेले आहोत असे वाटणाऱ्या माणसाचे ते गाणे. सुरुवात अगदी हळू, पुटपुटल्यासारखी. मग गिटारचे दोन-तीन कर्कश खरखरीत फटकारे, आणि त्यामागून सगळी वाद्ये अंगावर कोसळतात. ते खरखरीत फटकारे जॉनीने मारले ते म्हणे गाण्याचा मवाळपणा आवडला नाही म्हणून, गाणे बिघडवण्यासाठी! गाणे बिघडले नाही. उलट लोकांनी ते डोक्यावर घेतले ते त्या फटकाऱ्यांसाठीच.

तेही एकदम नव्हे. 1992 साली ते प्रथम बाजारात आले तेव्हा इंग्लंडात कोणी विचारले नाही. इस्रायलमधल्या रेडिओने ते उचलले, मग अमेरिकेने, आणि 1993 मध्ये पुन्हा काढल्यावर मायदेशात ते 7 व्या क्रमांकापर्यंत चढले. त्यानंतर मात्र या पाच जणांच्या नशिबी जे आले ते आपल्याकडच्या कुठल्याही गावगायकाला ओळखीचे वाटेल. लोक येत, ‘क्रीप’ ऐकत आणि उठून जात. बाकीच्या गाण्यांपुरती खुर्च्यांचीच सोबत.

आता अशा माणसाने दुसरी तबकडी कशी करावी? एक वाट सरळ आहे: दुसरे ‘क्रीप’ लिहावे. त्यांच्या ईएमआय कंपनीलाही तसलेच काही हवे होते, आणि तेही मुदतीत. दुसरी वाट म्हणजे पहिल्याशी असलेले नाते तोडून टाकावे. निर्वाण असे भारदस्त नाव घेतलेल्या अमेरिकन त्रिकुटाची गोष्ट आठवावी. त्यांची पहिली तबकडी सहाशे-सव्वासहाशे डॉलरांत झालेली, ओबडधोबड. दुसरी, 1991 सालची ‘नेव्हरमाइंड’, घासूनपुसून काढलेली, आणि ती जगभर खपली. जुने चाहते म्हणाले, ही तर गुळगुळीत झाली, बाटली. गंमत म्हणजे त्यांचा गायक कर्ट कोबेन यालाही पुढे तसेच वाटू लागले, आणि 1993 ची तिसरी तबकडी त्याने मुद्दाम खडबडीत करून घेतली. श्रोत्यांशी चाललेला तो झगडाच होता. 1994 च्या एप्रिलात कोबेनने आत्महत्या केली. अगदी त्याच महिन्यांत लंडनच्या एका ध्वनिमुद्रणगृहात रेडिओहेडची मंडळी दुसऱ्या तबकडीच्या ओझ्याखाली अडून बसली होती.

फेब्रुवारीत काम सुरू झाले; निर्माता जॉन लेकी हा जाणता माणूस; पण गाणी पुढे सरकेनात. शेवटी काम अर्धे सोडून ते दौऱ्यावर निघाले, आणि हीच गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दौऱ्यात नवी गाणी लोकांसमोर वाजली, रोज वाजली, आणि परत आल्यावर उरलेले काम ऑक्सफर्डशायरमधल्या एका जुन्या वाड्यात भराभर झाले. बंद खोलीत जे सुटत नव्हते ते मैफिलीत सुटले. म्हणजे श्रोता हा नुसता तुरुंगाधिकारी नसतो, कधी कधी किल्लीही त्याच्याच हातात असते. ही तबकडी 1995 च्या मार्चमध्ये आली. नाव ‘द बेंड्स’.

नावाचा खुलासा केलाच पाहिजे, कारण तबकडीची सगळी मेख तिथे आहे. पाणबुड्या खोल पाण्यातून फार वेगाने वर आला की त्याच्या रक्तात विरघळलेल्या नत्रवायूचे बुडबुडे होतात, सांधे पिळवटतात, जीवही जाऊ शकतो. या विकाराला ‘बेंड्स’ म्हणतात. वर येणे वाईट नव्हे, फार लवकर वर येणे वाईट. आणि तबकडीतल्या आठव्या गाण्याचे नाव आहे ‘माय आयर्न लंग’, माझे लोखंडी फुप्फुस. 1950 च्या आसपास पोलिओच्या साथीत हे यंत्र जगभर माहीत झाले होते. रोग्याला मानेपर्यंत एका लोखंडी पिंपात ठेवायचे. पिंपातली हवा ओढली की छाती आपोआप फुगते, सोडली की बसते. रोगी जगतो, पण पिंपाबाहेर पडू शकत नाही. ‘क्रीप’ हे आमचे लोखंडी फुप्फुस आहे, असे हे गाणे सांगते. वेष्टनावरचे चित्रही तसेच. खरे लोखंडी फुप्फुस टिपायला म्हणून चित्रकार रुग्णालयात गेला, ते यंत्र काही चित्रात जमेना. तेव्हा बंद पडलेला श्वास कसा चालू करावा हे शिकवायचा जो पुतळा असतो, त्याचाच चेहरा घेतला. अर्धवट उघडे ओठ, वेदना की सुख हे कळू नये असा. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर शोभणार नाही, पण विसरताही येत नाही.

हे सारे पुतण्याने सांगितले ते ऐकल्यानंतर. आधी सांगू नकोस, अशी मीच अट घातली होती. टीपा वाचून कविता वाचणाऱ्यांचा मला जुना राग आहे. त्यामुळे ओसरीवर जी मते पडली ती स्वच्छ कानांची होती.

पहिले मत वरातीत डीजे लावण्याचा धंदा करणाऱ्या पुतण्याच्या मित्राचे. तीन गाणी त्याने मन लावून ऐकली आणि म्हणाला, “काका, याच्यात बेसच नाही. वरातीत लावलं तर नवरदेव घोड्यावरच झोपीन.” याला मी हसलो, पण ते मत टाकाऊ नाही. प्रत्येक संगीताला आपली जागा असते आणि या संगीताची जागा चव्हाटा नव्हे. ते एकट्याने, दार लोटून ऐकायचे संगीत आहे. आम्ही ते ओसरीवर ऐकत होतो, हा दोष आमचा.

दुसरे मत पुतणीचे. तिला तिसरे गाणे, ‘हाय अँड ड्राय’, सर्वांत आवडले, कारण ते कोल्डप्लेसारखे वाटते. 2025 च्या जानेवारीत नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले त्यांची तिला सगळी माहिती. भावाने तिला दटावले की कोल्डप्ले यांच्यासारखे वाटते, हे कोल्डप्लेसारखे नव्हे. आधी कोण जन्मले ते बघ. कालगणनेत भाऊ बरोबर आहे. तो उंच, काठावर थरथरणारा आवाज या तबकडीनंतर इंग्लंडातल्या कितीतरी गायकांनी उचलला. पण मला तिचे म्हणणे दुसऱ्या अर्थाने पटते. ते गाणे फार सहज गोड आहे, कोणाच्याही तबकडीत खपून जाईल असे. खुद्द यॉर्कलाही ते पुढे आवडेनासे झाले.

वहिनींचे मत दोन हप्त्यांत आले. पहिल्या हप्त्यात त्या म्हणाल्या, “हा मानूस एवढा रडून कायले राहिला?” मग चौथे गाणे लागले, ‘फेक प्लॅस्टिक ट्रीज’. नुसती साधी गिटार आणि आवाज. खोट्या झाडांविषयी, खोट्या माणसांविषयी, आणि खरे असल्याचा आव आणून दमून गेलेल्या जीवाविषयी ते गाणे आहे. आवाज आधी जवळजवळ एकट्यानेच ध्वनिमुद्रित केलेला, बाकीची वाद्ये मागाहून त्याभोवती हलकेच उभी केलेली. मधे ते गाणे एकदा भरून येते, पुरासारखे चढते, आणि मग ओसरून पुन्हा त्या एकट्या गिटारीपाशी येऊन थांबते. इंग्रजी शब्द वहिनींना कळत नव्हते. पण करंजीची कातणी हातात तशीच राहिली, आणि गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, “काय म्हनत होता तो?” पुतण्याने दोन वाक्यांत सांगितले. वहिनींनी दाराकडे पाहिले. तिथे यंदा बाजारातून आणलेले प्लॅस्टिकच्या झेंडूचे तोरण होते. त्या काही बोलल्या नाहीत. मला हे सबंध तबकडीतले सर्वोत्तम गाणे वाटते, आणि त्या वेळी तर वाटलेच.

आता मुख्य मत, पेटीवाल्या बुवांचे. आमच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे पेटी धरलेला हा माणूस. इंग्रजीचा गंध नाही, रॉक हा शब्द ‘राख’सारखा उच्चारतात. ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. ‘जस्ट’ या गाण्यात गिटारचे सूर जिना चढावा तसे एकेक पायरी वर जातात, थांबतील म्हणावे तर आणखी वर. तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली: “हा चढते किती!” एका गाण्यात किती स्वरमेळ कोंबता येतील ही त्या पोरांची आपसातली चढाओढ होती म्हणे. मला ती थोडी बढाई वाटली, बुवांना मर्दुमकी.

पुढे आठवे गाणे लागले, तेच लोखंडी फुप्फुस. हळुवार, झुलत चाललेली गिटारची ओळ, मवाळ आवाज, आणि मग एकदम अंगावर येणारा कल्लोळ. बुवांनी डोळे उघडले. “ते सुरवातीले लावलं होतं ना, खरखर वाजनारं? हा आपल्याच गान्याची नक्कल करून राहिला. रागावला हाये कोनावर तरी.”

पुतण्या माझ्याकडे बघतच राहिला. विलायती समीक्षकांनी या गाण्यावर जे लिहिले आहे त्याचे सार रिठदच्या ओसरीवर एका श्रवणात निघाले होते. कसे निघाले, हे मी बुवांना विचारले. त्यांचे म्हणणे असे की भजनातही हळू धरायचे आणि गजराला उडवायचे, ही रीत आहेच. पण मनापासून उडवले की टाळ आपोआप चढतात, आणि लोकांना हवे म्हणून उडवले की टाळ आपटतात. इथे टाळ आपटले जात होते, आणि ते मुद्दाम, ऐकू यावे म्हणून.

माझ्या मते ‘द बेंड्स’चे मोठेपण इथे आहे. पहिल्या गाण्याची युक्ती त्यांनी टाकली नाही आणि गिरवलीही नाही. ती हातात घेऊन उलटी केली, तिचे अस्तर दाखवले. श्रोत्यांवरचा राग त्यांनी श्रोत्यांनाच गाऊन दाखवला, आणि तरीही ते गाणेच राहिले, तक्रारअर्ज झाला नाही. त्या गाण्याचे बरेचसे वादन 1994 च्या मे महिन्यात लंडनच्या ॲस्टोरिया नाट्यगृहात, प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झालेले आहे; आवाज तेवढा मागाहून भरला. ज्यांच्यावर रागावले त्यांच्याच पुढ्यात वाजवलेले! सगळीच तबकडी या तोलाची आहे असे मी म्हणणार नाही. ‘बोन्स’ आणि ‘सल्क’ ही गाणी नसती तरी माझे काही बिघडले नसते. ‘सल्क’ तर मागच्याच तबकडीतून चुकून आल्यासारखे वाटते.

फुप्फुसाचा विषय निघाला म्हणून मला राहवत नाही. आपल्याकडे हे सारे एका माणसाच्या देहावर घडून गेले आहे. कुमार गंधर्व दहा-बारा वर्षांचे असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवीत आणि सभा वेडी होई. ती त्यांची पहिली कीर्ती, वर येण्याचा पहिला वेग. मग क्षयाने गाठले. 1948 साली ते देवासला आले. काही वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कानांवर. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी होते, आणि त्यातून जे गाणे आले ते आखूड श्वासाचे, तुकड्यातुकड्यांनी झेपावणारे, कोणाचीच नक्कल नसलेले. त्या गाण्यावरून रसिकांत तट पडले. कित्येकांना तो चमत्कारी मुलगाच परत हवा होता. साहित्यात तरी वेगळे काय? 1963 च्या ‘कोसला’ने भारून गेलेल्यांनी नेमाड्यांच्या 1975 च्या ‘बिढार’मध्ये पांडुरंग सांगवीकर शोधला, आणि तो सापडला नाही म्हणून कुरकुर केली.

‘द बेंड्स’च्या वाट्यालाही प्रथम थंडपणाच आला. इंग्लंडात ती चौथ्या क्रमांकापर्यंत गेली, पण अमेरिकेत, जिथे ‘क्रीप’ने त्यांना उचलले होते, तिथे 88 च्या वर सरकली नाही. मग हळूहळू, गाण्यामागून गाणे, तोंडातोंडी, ती लोकांत मुरली. पुढच्या काही वर्षांत सर्वोत्तम तबकड्यांसाठी श्रोत्यांचे कौल घेतले गेले तेव्हा ती अगदी वरच्या जागांवर दिसू लागली. याच वेळी गंमत झाली. 2000 साली त्यांची चौथी तबकडी ‘किड ए’ आली. तिच्यात गिटारी जवळजवळ अदृश्य, यंत्रांचे आवाज, तुटके शब्द. ‘द बेंड्स’ला जपणारे श्रोते खवळले: आमचे रेडिओहेड कुठे गेले? कालच्या दुसऱ्या तबकडीचे आज लोखंडी फुप्फुस झाले होते.

मी पुतण्याला विचारले, “तुझे ‘किड ए’विषयी मत काय?”

तो म्हणाला, “ते नको काका. ते आपल्याले नाही जमत. ‘बेंड्स’सारखं त्यायनं पुन्हा केलंच नाही.”

आणि मग मी काय विचारले ते त्याला कळले, आणि तो गप्प झाला.

हा गप्पपणा मला लागला, त्याचे कारण सांगितलेच पाहिजे. पुतण्या लहानपणी गात असे. बारा वर्षांचा असताना गणेशोत्सवात त्याने एक अभंग म्हटला, आणि पुढची चार वर्षे गावात जिथे चार माणसे जमली तिथे तोच अभंग त्याच्याकडून म्हणवून घेतला गेला. वास्तुशांत, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन. सोळाव्या वर्षी त्याने दुसऱ्या एका अभंगाला स्वतः चाल लावली आणि मंडपात ती म्हणायला उभा राहिला. पहिली ओळ होते न होते तोच मागून आवाज आला, “ते मागून म्हण, आधी आपलं नेहमीचं होऊ दे.” त्याने नेहमीचे म्हटले. टाळ्या पडल्या. तो खाली उतरला आणि त्यानंतर त्या मंडपात गायला नाही. मागून आलेला आवाज माझा होता. कौतुकानेच ओरडलो होतो मी.

त्या रात्री तबकडी संपत आली असता मी त्याला विचारले, ती चाल कोणती रे होती?

“विसरलो, काका,” तो म्हणाला. खरोखर विसरला होता की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून समजले नाही.

शेवटचे गाणे चालू होते, ‘स्ट्रीट स्पिरिट’. गिटारचे सुटे सूर एकामागून एक, गोल गोल, त्याच जागी फिरत राहतात आणि वरून आवाज हळूहळू विरत जातो. कुठे चढत नाही, आपटत नाही. डीजेवाला मित्र केव्हाच घरी गेला होता. वहिनी आत तळणीपाशी. गाणे संपले तसे बुवा उठले, आतून आमची जुनी पेटी घेऊन आले आणि भात्यावर हात ठेवून सूर शोधू लागले. दोन-तीन ठिकाणी चुकले.

“पांढरी सहात हाये,” ते म्हणाले. मग पुतण्याकडे न बघताच, “पोरा, ते एवढं पुन्हा लाव.”

पुतण्या हसला आणि त्याने ते पुन्हा लावले.